धुवायला न आलेला अभ्रा

घडीकाकांनी शर्ट धुतला आणि तिथून सगळं बिघडलं.

तसं बघायला गेलं तर लॉन्ड्रीवाल्याने शर्ट धुणं हा काही गुन्हा नाही. पण सिस्टरने गाठोडं काउंटरवर ठेवताना अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "काका, याला नुसती इस्त्री. पाणी लावू नका." काकांनी मान हलवली. काकांच्या मानेत हा एक दोष होता, ती आधी हलायची आणि कान मागून सावकाश यायचे.

गाठोड्यात बहुतेक कोरं कापड होतं. मध्येच एक फिक्या निळ्या रेघांचा शर्ट निघाला. चुरगळलेला, कुबट, खिशावर औषधाचा नारिंगी ओघळ. दुसऱ्या कुणी त्यावरून इस्त्री फिरवून मोकळं केलं असतं. पण डाग आणि काका यांचं जुनं वैर. कुणाकडे चहाला गेले आणि टेबलावरच्या कापडाला डाग दिसला, की काकांचं बोलण्यातलं लक्षच उडायचं. लग्न ठरवायला मुलीकडे गेले तेव्हा सासऱ्यांच्या कोटावर तेलाचा डाग होता. काकू अजून ऐकवतात, "मला बघायला आले होते म्हणे! सगळा वेळ माझ्या बापाचा कोट बघत बसले."

तर काकांनी तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवला. ओघळावर मऊ ब्रश इतक्या हलक्या हाताने फिरवला, जणू झोपलेल्या बाळाचं तोंड पुसतायत. उन्हात उलटा वाळवला, बोटभर स्टार्च दिला आणि अशी घडी घातली की कॉलर ताठ उभी राहिली. ज्या घडीमुळे त्यांचं खरं नाव लोक विसरले, ती ही घडी. वरून पातळ कागद गुंडाळला आणि गाठोडं घेऊन ते स्वतःच निघाले. त्यांना समोरच्या माणसाच्या तोंडावरचा आनंद बघायचा होता. माणूस तोंडघशी पडायचा असला की असाच उत्साहाने चालतो.

बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती. सिस्टर म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. एड्सने गेलेल्यांच्या घरच्यांना तिने तिथे गोळा केलं होतं. ज्याचं माणूस गेलं त्याने एक तुकडा करायचा, माणूस आडवा झोपेल एवढा. त्यावर त्याचं नाव, त्याचा एखादा कपडा, काय सुचेल ते शिवायचं. मग सगळे तुकडे जोडून एक मोठी गोधडी होणार होती आणि ती शाळेच्या मैदानावर अंथरायची होती. ज्यांचं नाव घरात कुणी मोठ्याने घेत नव्हतं, त्यांचं नाव निदान एक दिवस उजेडात, जमिनीवर, सगळ्यांना वाचता येईल असं राहील, एवढीच सिस्टरची इच्छा. काका त्या कापडांना इस्त्री करून द्यायचे.

शर्ट होता कंडक्टरबाईंचा. म्हणजे त्यांच्या मुलाचा. बाई ड्युटीवरून तशाच आल्या होत्या, अंगावर गणवेश, खांद्याला चामड्याची पिशवी. त्यांनी कागद सोडला, शर्ट दोन्ही हातांत उचलला आणि तोंड त्यात खुपसलं.

मग तोंड वर काढून विचारलं, "हा कुणाचा?"

"तुमचाच की, बाई. डाग पार गेला, बघा. औषधाचा डाग सहसा जात नाही."

"कुणाचा आहे हा?"

कोपऱ्यातलं शिलाईचं मशीन थांबलं. बाईंनी बाह्या हुंगल्या, बगला हुंगल्या, कॉलर उलटी करून हुंगली. पोलीस झडती घेतात तसा सगळा शर्ट उलथापालथा केला. मग तो टेबलावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "त्याचा वास होता हो यात. तेवढाच होता."

पिशवी सावरून त्या जिना उतरून गेल्या, सिस्टर त्यांच्या मागोमाग जाऊन परत आली. काकांच्या हातात तो पातळ कागद राहिला. त्यांनी त्याचीही घडी घातली. हाताची सवय, दुसरं काय.

सिस्टर काकांना ओरडली नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. तिने सांगितलं ते एवढंच. मुलगा गेल्यावर बाईंच्या भावाने घाबरून सगळं मागच्या अंगणात नेऊन पेटवलं. गादी, चादरी, कपडे, चपलासुद्धा. बाहेर सांगितलं, टायफॉइड. हा शर्ट तेवढा बाईंच्या गणवेशांच्या खाली लपून राहिला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेला. बाई गाठ सोडायच्या, नाक लावायच्या आणि लगेच पुन्हा बांधायच्या. वास सांडू नये म्हणून.

"आता त्या म्हणतायत, तुकडा करणार नाही," सिस्टर म्हणाली. "नुसत्या कापडावर काय शिवू, म्हणतायत."

काका शर्ट घेऊन दुकानात परतले. कॉलरची पट्टी उलटी केली, तर आत पुसट शाईत एक आडवी रेघ आणि खाली दोन टिंबं. प्रत्येक गिऱ्हाइकाची अशी एक निशाणी असते, म्हणजे कपड्यांची अदलाबदल होत नाही. ही निशाणी काकांच्याच हातची होती. शर्ट सिस्टरच्या गाठोड्यातून आला आणि वेगळ्या बादलीत गेला, म्हणून त्यांनी ती बघितलीच नव्हती. काका स्टुलावर बसले.

रेघ आणि दोन टिंबं म्हणजे ड्राफ्ट्समन. पलीकडच्या गल्लीत राहणारा. तो कंडक्टरबाईंचा मुलगा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. लॉन्ड्रीवाल्याला माणसाचे आईबाप माहीत नसतात, त्याचे गुडघे आणि कोपरं माहीत असतात. या पोराचा उजवा कफ कायम शिसपेन्सिलीने काळा. दिवसभर नकाशांवर हात घासायचा. खिशात खोडरबराचा चुरा. आणि शेवटच्या वर्षी त्याच्या कॉलरी मळायच्या बंद झाल्या होत्या. काका एकदा त्याला म्हणालेसुद्धा, "शाबास! आता कशी कॉलर स्वच्छ ठेवायला लागलास."

पोरगा हसला होता. "तुमची मेहनत वाचवतोय, काका."

मळणार कशी? मान इतकी बारीक झाली होती की कॉलरला टेकतच नव्हती. काकांना हे तेव्हा कळलं नाही, आत्ता स्टुलावर बसल्यावर कळलं. त्या दिवशी दुकानातून दोन पँटी उलट्या चुण्या पडून गेल्या. गिऱ्हाईक भांडायला आलं, तर काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." गिऱ्हाईकच घाबरून परत गेलं.

"अहो, इथे बसून काय होणार?" काकू म्हणाल्या. "जा, माफी मागून या. आणि तिथे तरी पडद्यांकडे बघत बसू नका."

बाईंचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. खुंटीवर गणवेशाचे दोन जोड, खिडकीत पितळी बिल्ला घासून वाळत ठेवलेला. बाईंनी दार उघडलं, काकांच्या हातातला शर्ट बघितला आणि बाजूला सरकल्या.

"बाई, माझं चुकलं."

"तुमचा राग नाही, काका. तुम्ही धुतलंत, माझ्या सख्ख्या भावाने जाळलं. सगळेच मेले स्वच्छतेच्या मागे लागलेत."

काकांनी शर्टाची कॉलर पुढे धरली. "कॉलरच्या आत कॅनव्हास असतो. जाड. पाणी तिथवर नीट पोचत नाही. म्हणजे कधीकधी. उसवून बघू का?"

बाईंनी ब्लेड आणून दिलं. खिडकीपाशी बसून काकांनी एकेक टाका असा सोडवला की कापडाला कळू नये. आतली पट्टी बाहेर काढून त्यांनी बाईंच्या हातात दिली. बाईंनी डोळे मिटून ती नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"तुमचाच वास येतोय, काका," त्या म्हणाल्या. "स्टार्चचा."

आणि हसल्या. हसता हसता त्यांचा चेहरा मोडला. पदर शोधायला हात गेला, पण अंगात गणवेश होता, मग त्यांनी त्या कॉलरच्या पट्टीलाच डोळे पुसले.

"डोळे मिटले की दिसतो तो," बाई म्हणाल्या. "हाक मारतो तेही ऐकू येतं. पण वास नाही हो आठवता येत. आठवायला गेलं की नुसता शब्द येतो, वास येत नाही. तो असावाच लागतो."

काका घरी आले आणि जेवले नाहीत. काकूंनी ताट झाकून ठेवलं, बोलल्या काही नाहीत. हे लग्नानंतर फार क्वचित घडलं होतं.

मग आली चष्मेवाल्याची कपड्यांची पिशवी.

चष्मेवाला म्हणजे काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा, पलीकडच्याच गल्लीतला. ड्राफ्ट्समन आणि तो एकाच खोलीत राहायचे. दोघांचे कपडे एकाच पिशवीत यायचे. लोक म्हणायचे, रूम पार्टनर. काका काही म्हणायचे नाहीत. ज्या घरची चादर तुम्ही धुता, त्या घराबद्दल वेगळं काही म्हणायची गरज उरत नाही.

काकांनी पिशवी उपडी केली. चादर, तीन शर्ट, टॉवेल, उशीचा अभ्रा. अभ्र्याला हिरवी किनार होती. काकांचा हात तिथेच थांबला. हे अभ्रे दोन होते. कायम जोडीने यायचे. पोरगा गेल्यापासून मात्र एकच येत होता. काकांनी मागे एकदा विचारलंही होतं, "दुसरा हरवला का रे?" तर तो म्हणाला होता, "नाही. आहे."

आहे, पण धुवायला येत नाही.

आता काकांची पंचाईत झाली. एका घरचे कपडे काय बोलतात ते दुसऱ्या घरी सांगायचं नाही, हा त्यांनी आयुष्यभर पाळलेला एकुलता एक नियम. त्या नियमावर त्यांचं दुकान उभं होतं, नाहीतर गावातल्या निम्म्या संसारांचा त्यांनी चुटकीसरशी निकाल लावला असता. काकूंनी मागे एका भांडणात एकदाच त्यांना याबद्दल नावाजलं होतं, "गोष्ट पोटात ठेवणारा माणूस आहे मात्र." त्यांनी विचार केला, आणि ज्याचा अभ्रा त्यालाच विचारायचं ठरवलं.

चष्मेवाला चाकावर काच घासत होता. काका समोर जाऊन बसले.

"काय काका, नंबर वाढला?"

"तो अभ्रा," काका म्हणाले. गोड सुरुवात करायची कला त्यांच्याकडे नव्हती. "अजून धुतला नाहीस ना?"

चाक फिरायचं थांबलं. मग काकांनी सगळं सांगितलं. शर्ट, बादली, कॉलरची पट्टी. तो ऐकत गेला आणि त्याचे कान लाल होत गेले.

"शेवटी त्याला घरी घेऊन गेले, आणि मला त्यांनी शेवटचं बघूही दिलं नाही," तो म्हणाला. "त्यांच्या भावाने मला फाटकातून ढकललं, त्या उभ्या होत्या तिथे. दोन वर्षं त्याचं अंग मी पुसलं, काका. आणि आता माझी उशीपण हवी?"

"त्यांनी मागितलेली नाही. त्यांना माहीतच नाही."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"विचारायला."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी चष्म्याची दांडी घट्ट करून घेईन आणि जाईन."

हसायचं नसताना तो हसला. काकांच्या नाकावरचा चष्मा काढून घेऊन त्याने खरंच दांडी घट्ट केली, काचा पुसल्या, पुन्हा पुसल्या. मग म्हणाला, "द्यायचा नाही मी तो. पण त्या आल्या तर दार उघडेन."

काकांनी हा निरोप डेपोच्या बाकावर बाईंना पोचवला. बाईंचा चेहरा लोखंडासारखा झाला. "त्या रूम पार्टनरच्या खोलीवर? मी?"

"मी फक्त निरोप सांगतोय."

"मग सांगून झाला."

झाला. काका उठून आले. गोधडी अंथरायचा दिवस जवळ येत होता. सिस्टरच्या खोलीत तुकडे तयार होत होते. कुणी नवऱ्याचा फुटबॉलचा बनियन लावला होता, कुणी बहिणीच्या बांगड्या एकेक करून टाचल्या होत्या. मधल्या टेबलावर एक कोरं कापड नुसतंच पडून होतं. काका त्याला येता-जाता इस्त्री करायचे. कोऱ्या कापडाला किती इस्त्री करणार?

आणि एका दुपारी बाई दुकानात येऊन उभ्या राहिल्या. "चला."

"कुठे?"

"तुम्ही धुतलंत ना? मग निस्तरायलाही तुम्हीच चला. मी एकटी जाणार नाही त्या पोराकडे."

खोली लहान आणि नीटनेटकी होती. भिंतीला नकाशा काढायचा तिरका फळा अजून तसाच, त्यावर टाचण्यांची भोकं. बाईंनी फळा बघितला. एकच पलंग बघितला. पलंगावर दोन उशा, एकीला हिरव्या किनारीचा स्वच्छ अभ्रा, दुसरी नागडी. चष्मेवाल्याने खुर्ची पुढे केली आणि कपाटातून घट्ट झाकणाचा बिस्किटांचा डबा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. स्वतः भिंतीला पाठ लावून उभा राहिला, कुणी डबा घेऊन पळणार असल्यासारखा.

काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना फक्त झाकण निघाल्याचा आवाज आला. मग बाईंचा आवाज आला, रोजच्या भांडणातला, कुरकुरता:

"अरे, अंघोळ तरी करायचीस."

काकांनी खिडकीचा गज धरला. मागे चष्मेवाल्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा, ते शेवटपर्यंत ठरलं नाही. "नाहीच करायचा तो," तो म्हणत होता. "पाणी गार आहे म्हणायचा. गरम करून दिलं तरी गार म्हणायचा."

"लहानपणापासून," बाई म्हणाल्या. "बादलीत हात घालून नुसता आवाज करायचा."

थोड्या वेळाने बाईंनीच झाकण लावलं. तळहाताने दाबून बसवलं आणि डबा त्याच्याकडे दिला.

"तुम्हाला नको?" त्याने विचारलं. तो द्यायला तयार झाला होता की काय, कुणास ठाऊक. हात मात्र डब्यावरून सुटत नव्हते.

"गोधडीला शिवला तर उडून जाईल. तू ठेव." मग जरा थांबून, "मी पुन्हा कधी येऊ?"

"कधीही या. पण उघडला की थोडा कमी होतो."

"कळतं मला. माझ्या पिशवीचं तेच व्हायचं." बाईंनी विचार केला. "मग असं करू. तू एकटा उघडू नकोस, मीपण मागणार नाही. दोघं असू तेव्हाच उघडू."

तो हो म्हणाला. काकांना माहीत होतं, झाकण कितीही घट्ट असलं तरी कापड वास धरून ठेवत नाही. वर्षभरात तो डबा फक्त डब्याचा वास देईल. कापडाबद्दल त्यांना जे ठाऊक असायचं ते बोलून दाखवल्याशिवाय त्यांना कधी राहवत नसे. त्या दिवशी ते खिडकीबाहेर बघत राहिले.

मग बाई तुकडा करायला बसल्या. तोच शर्ट घेतला, धुतलेला, स्टार्चचा. कॉलरची पट्टी काकांनी परत आत घालून शिवून दिली होती. बाह्या पसरून शर्ट कापडावर मांडला, जणू कुणी उताणं पडून आभाळ बघतंय. समोर चष्मेवाला बसला. त्याला शिवता येत नव्हतं.

"हा काय टाका आहे?" बाई म्हणायच्या. "याच्यातून माझी बस जाईल. उसव."

"तुम्हीच घाला मग."

"मी माझ्या बाजूने घालतेय. तुझ्या बाजूने तुलाच घालावे लागतील."

असे दोन्हीकडून ते छातीपर्यंत आले. खिशापाशी चष्मेवाल्याने सुई थांबवली आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाला, "तो गेल्यावर मी एकदा तुमच्या बसमध्ये चढलो होतो."

बाईंनी मान वर केली नाही. "आठवतंय."

"बोलायचं होतं तुमच्याशी. शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढलं होतं. म्हटलं, गाडी रिकामी झाली की बोलू."

"मी तुला पाण्याच्या टाकीपाशी उतरवलं."

"हो. स्टॉपसुद्धा नव्हता तिथे."

"माझ्या गाडीत," बाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत तिकीट असलेल्या माणसाला मी कधी मध्ये उतरवलं नाही. एक तू." त्यांनी दोरा दाताने तोडला. "टाकीपासून पुढचा रस्ता तुझा माझ्याकडे बाकी आहे. कधी येतोस?"

"येईन."

गोधडी मैदानावर अंथरली तेव्हा गवत ओलं होतं. पांढऱ्या किनारीला हिरवे डाग पडायला लागले. सिस्टरने घाबरून काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "पडू दे." लोक कडेकडेने चालत नावं वाचत होते, काही ओठ हलवून, काही मोठ्याने. बाईंचा भाऊ आला नाही. बाई आणि चष्मेवाला तुकड्याच्या दोन बाजूंना उकिडवे बसले होते. वाऱ्याने शर्टाची एक बाही उचलली जायची आणि बाई ती पुन्हा खाली बसवायच्या, झोपेत पांघरूण लाथाडणाऱ्या पोराचं बसवतात तशी.

त्यानंतरची गोष्ट काकांनी स्वतः बघितलेली आहे, कारण पलीकडच्या वस्तीतले कपडे पोचवायला ते बाईंच्याच बसने जातात. चष्मेवाला दुकानात पायी जातो, पायी येतो. बसची त्याला गरज पडत नाही. आणि काही ठिकाणी माणूस येईन म्हणतो, पण त्याचे पाय निघत नाहीत.

पाण्याच्या टाकीपाशी स्टॉप नाही. तरी बाई घंटी मारतात. गाडी थांबते. दार उघडतं. रस्त्याच्या कडेला कुणीच नसतं. ड्रायव्हर आरशातून बघतो, उतारू कुरकुरतात, एखादा म्हणतो, "बाई, कुणाची वाट बघताय?"

"आहे एक पॅसेंजर," बाई म्हणतात, आणि जरा वेळाने डबल बेल देतात.